एकशे सत्तेचाळीस जागची सक्ती

दुपारच्या जेवणाआधी मदतपुस्तिका साफ करून टाकते की नाही बघा, असं आतिफाने सकाळीच घरात जाहीर केलं होतं. ती बोर्ली पंचतनच्या घरी बसून एका कंपनीच्या डेटाबेसची मराठी मदतपुस्तिका तपासायची. पहिला मसुदा पुण्याच्या सुश्रुतने लिहिला होता. माहितीचा प्रकार बदलला, आकड्याचा मजकूर झाला, की या गड्याने इंग्रजी 'कोअर्शन'चं शब्दशः भाषांतर करून प्रत्येक ठिकाणी एकच शब्द ठोकला होता : सक्ती!

आतिफाने फोन लावला. आवाज असा, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक थबकावं.

"सुश्रुत, सक्ती नको! मुळीच नको! इथे आपोआप होतंय, तिथे आपण सांगून करतोय. दोन्हींना सक्ती कसं म्हणतोस?"

स्वयंपाकघरात कोलंबी सोलणाऱ्या तिच्या अम्मीचे, महेरुन्निसाचे हात थांबले. शुक्रवारी म्हसळ्याला झियानच्या घरी जाऊन आतिफाचा लग्नाला होकार द्यायचा होता!

"आणि बदल झाला की मागचं सगळं कापलं जातं," आतिफा कडाडली, "परत मिळत नाही! हे आधी स्पष्ट सांगायला नको?"

"या अल्ला!" महेरुन्निसा तशीच ओल्या हातांनी ओटीवर धावली. "अवो, पोर रडते हाय! तिला म्हसळा नको! सक्ती म्हणते!"

नजमुद्दीनने कुवेतमध्ये वीस वर्षं काढली होती, पण लेकीच्या रडण्यापुढे तो मेणासारखा. आणि रडतेय की नाही हे बघायलाही तो आत गेला नाही! "आपल्या पोरीवर सक्ती न्हाय करायची," म्हणत त्याने तिथल्या तिथे म्हसळ्याला फोन केला. एका दमात नकार सांगितला आणि घाम पुसला.

तासाभराने आतिफा हसत बाहेर आली. "संपलं! एकशे सत्तेचाळीस जागची सक्ती काढली!"

"आम्हीबी काढली, बाय," महेरुन्निसा डोळे पुसत म्हणाली. "म्हसळ्याला नकार कळवला."

"नकार? कुणी सांगितलं तुम्हाला? अम्मी, मला झियान आवडलाय!"

मग कोण कुणाशी काय बोललं, आकडा म्हणजे काय, मजकूर म्हणजे काय, हे ऐकताना नजमुद्दीनचा चेहरा उलट्या पडलेल्या होडीसारखा झाला. पण "मी हाय ना" म्हणत त्याने पुन्हा फोन लावला. आतिफा दाराची कडी घट्ट धरून उभी.

"भाभी, मघाशी मी जे बोललो..."

"ते व्हय?" पलीकडून झियानची आई खणखणीत बोलली. "रेंज न्हवती. 'सक्ती न्हाय' इतकंच ऐकू आलं. म्हटलं, बिर्याणीची सक्ती नको म्हणतायत. सांगितलेलं मटण रद्द केलं. या शुक्रवारी, डाळभात करते!"

आतिफाने कडी सोडली आणि अम्मीच्या गळ्यात पडली. नजमुद्दीन मात्र फोनकडे बघत पुटपुटला, "बिर्याणीसाठी पुन्हा लावू काय?"