सासऱ्यांच्या चेहऱ्याचा द्वारपाल

"खुद्द सासरे समोर येऊन उभे राहिले तरी ओळखणार नाहीत!" संग्रहालयाच्या क्यूरेटरने संगणकवाल्याला छातीठोकपणे सांगितलं. "दाढी आहे, शिरस्त्राण आहे, शिवाय वय दोन हजार वर्षं!"

उत्खननात सापडलेल्या एका जुन्या नगराची सफर आता संग्रहालय पडद्यावर घडवणार होतं. वाटाड्या म्हणून अगदी जिवंत वाटणारा आभासी द्वारपाल बनवला होता. त्याला करारी चेहरा हवा होता, म्हणून क्यूरेटरने डोकं लढवून सासऱ्यांचा फोटो देऊन टाकला. तोही न विचारता! सासरे निवृत्त मुख्याध्यापक. विचारलं असतं तर तासभर व्याख्यान आणि शेवटी नकार. आता त्यांना कळलं, तर ते लेकीच्या घरी पाऊल टाकणार नव्हते आणि लेक नवऱ्याला टाकू देणार नव्हती!

नेमकं बायकोने उद्घाटनाला परस्पर आईवडिलांना बोलावलं. पहिल्याच रांगेत ते दोघं! क्यूरेटरने दिवे मालवायला लावले, "बाबा, चहा घेऊन येऊ या का?" असंही विचारून पाहिलं. सासरे जागचे हलले नाहीत. पडदा उजळला आणि द्वारपाल झोकात पुढे आला.

"अगंबाई!" सासूबाई किंचाळल्या. "अहो, तुम्ही तिकडे कधी गेलात?"

"मी इथे आहे!" सासरे कडाडले. "जावईबापू, हा माझा चेहरा या भामट्याला कुणी..."

"क्षमा करा," द्वारपाल शांतपणे म्हणाला. "आधी बाई बोलत होत्या. बोला बाई, मी ऐकतो आहे."

कुणी बोलू लागलं की थांबून नीट ऐकायचं, असं त्याला शिकवलेलंच होतं. पण त्या चेहऱ्याने हे म्हणावं? सासूबाई थक्क झाल्या. सासरे त्यांच्याहून थक्क!

सासूबाई उठून थेट पडद्यापाशी गेल्या. "मला ना, कधीपासून समुद्र बघायचाय," त्या हळूच म्हणाल्या.

"नगराच्या पश्चिमेला बंदर आहे. चला, दाखवतो."

आणि समोर निळाशार समुद्र पसरला!

"अगं, पण समुद्रात बघण्यासारखं काय असतं? नुसतं पाणी..." सासरे मागून बोलू लागले.

"थांबा हो जरा! ते बोलताहेत ना!"

सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांचं वाक्य मध्येच तोडलं. ते मटकन खुर्चीत बसले. क्यूरेटर सासूबाईंकडे धावला.

"आई, चुकलं माझं! आजच्या आज चेहरा बदलून टाकतो."

"खबरदार त्याला हात लावाल तर!" सासूबाई समुद्रावरची नजर न हलवता म्हणाल्या. "एवढी बदलायची हौस असेल, तर मागे बसलेत त्यांचं बघा काही!"