सुपरकेला चारशेवीस

सावद्याच्या वामननानांवर अन्याय झाला तो गावात पहिलं सायबर कॅफे उघडलं त्याच दुपारी. ज्यांच्या नुसत्या शब्दावर केळीचे ट्रक भरले जात, त्या माणसाचं ईमेल खातं निघालं ‘सुपरकेला चारशेवीस’ या नावानं! ही उघड बदनामी आहे, आणि ती कॅफेवाल्याचीच करणी, असा माझा पहिल्यापासून आरोप होता.

आणि नाना? बँकेत, दवाखान्यात, मोबाईलच्या दुकानात कुणी ईमेल विचारला की टोपी सारखी करणार आणि ग्रामसभेत ठराव मांडावा तशा आवाजात एकेक अक्षर सांगणार. रांग हसते. नाना रांगेकडे वळून म्हणतात, "लिहून घ्या, तुम्हालेबी कामी येईन!" मोर्चात लाठ्या खाणारे मी पाहिलेत. अशी छाती नाही पाहिली.

"नाना, नवं खातं उघडू," मी शंभरदा म्हटलं.

"आनि जुन्या नावावर कोनी आलं, दार बंद दिसलं, तं?"

"कोण येणार? खताच्या जाहिराती!"

"येऊ दे ना बो. तुही पत्रकं नाही का येत माह्या घरी?"

परवा कळलं, आता खातं तेच ठेवून नुसतं नाव बदलता येतं. जुने मेल जागेवर राहतात, जुन्या नावावर पाठवलेलंही तिथंच येतं. मी धावत नानांकडे गेलो. ही साधी सोय इतकी वर्षं न देणाऱ्यांना शिव्या घालत साधं, अब्रूदार नाव टाकलं आणि बटण दाबलं. नानांनी डोळे मिटले होते.

"आता जुन्या नावावर एक मेल टाक."

टाकला.

"आला?"

"आला, नाना."

नाना खाटेवर बसले. "ते नाव रफिकनं ठेवेल व्हतं. माहा भागीदार. हसून हसून लोळला व्हता लेकाचा. मंग भांडलो. तो सुरतले निघाला, मी ‘थांब’ म्हनलो नाही. फोन बदलले, घर बदललं. त्याले माहा तेवढाच पत्ता ठाऊक हाये."

कॅफेवाल्यावरचा आरोप मी तिथंच मागं घेतला. एका माणसानं लिहिलंच तर ते पोचावं, म्हणून नानांनी इतकी वर्षं सगळ्या गावाचं हसणं अंगावर घेतलं होतं.

वाचक हो, तुम्हीही कुणाशी भांडून निघून आला असाल. त्याचा जुना पत्ता शोधा आणि दोन ओळी टाका. सवडीनं नको. आज, जेवायला बसायच्या आधी.