उजव्या बाजूने उचललेली ताटली

"अजी, भातानं असं काय पाप केलं का त्याले टोचून टोचून खाऊन राह्यले?" जिजाबाईने चुलीपुढून विचारले, आणि डोमाजीच्या काट्यावरचा भात पुन्हा एकदा ताटलीत सांडला.

"तू चूप राह्य. शिकवणी चालू हाये," डोमाजी म्हणाला.

शिकवणी खरोखरच चालू होती. चीनच्या लढाईनंतर फौजेला अफसर कमी पडत होते. खैरलांजीच्या डोमाजीचा मुलगा खेमराज बी. ए. झाला होता, लेखी परीक्षाही पास झाला होता, आणि आता त्याला निवड मंडळापुढे जायचे होते. तिथे चार दिवस राहायचे, दोरावरून खंदक ओलांडायचा, इंग्रजीत बोलायचे आणि शेवटच्या दिवशी मंडळाच्या साहेबांबरोबर टेबलावर जेवायचे. खंदकाची खेमराजला फिकीर नव्हती, पुरातली वैनगंगा त्याने पोहून पार केली होती. इंग्रजी त्याने पहाटे उठून घोकले होते. धास्ती होती ती जेवणाची. काटा हातात धरलेला माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता.

डोमाजीने पाहिला होता. उभी जवानी त्याने कामठीच्या छावणीत अफसरांच्या मेसमध्ये काढली होती. तिथे तो बेरा होता, म्हणजे साहेब जेवायला बसले की वाढायचे आणि ते उठले की उचलायचे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन तो परतला तो नोकरी सोडूनच. "आता आपल्या घरातला कोणी कोनाच्या खुर्चीमागं उभा नाई राहीन," असे त्याने वस्तीत सगळ्यांना सांगितले होते. घरात खुर्चीच नव्हती, त्यामुळे शब्द पाळणे अवघड गेले नाही.

आता मात्र खुर्ची आली होती. ग्रामपंचायतीतून ती 'दोन दिवसांसाठी' आणली होती आणि दोन दिवस केव्हाच उलटून गेले होते. टेबल म्हणून लाकडी पेटी, तिच्यावर जिजाबाईचे धुतलेले लुगडे, घरातली भाजीची सुरी आणि एक काटा. हा काटा मेसमधून घरी कसा आला, हे घरात कोणी विचारत नसे.

खुर्ची एक, काटा एक आणि शिकणारे-शिकवणारे दोघे, इथेच सगळा घोळ झाला. शिकवायचे तर डोमाजीला करून दाखवायला हवे, आणि करून दाखवायला त्याने बसायला हवे. शिवाय साहेब लोक काटा तोंडापर्यंत कसा नेतात हे त्याला पक्के ठाऊक नव्हते. त्याने आयुष्यभर पाहिल्या होत्या त्यांच्या माना आणि कोपरे.

"तू माह्या मांगं उभा राह्य अन् पाह्य," तो म्हणाला. "मी असाच शिकलो."

"मांगून काय दिसते, बाबा?"

"मांगून सारंच दिसते. आता पाह्य, काटा-सुरी जवळजवळ ठेवली का साहेबाचं जेवण झालं. मंग ताटली जाते. उजव्या बाजूनं. अंगठा सुरीवर, करंगळी खालून, आवाज होऊ द्याचा नाई. एक लहान लफ्टन साहेब होता, नवाच अफसर झालेला, तो हासून म्हणे, 'डोमाजीनं ताटली नेली का मी जेवलो का नाई तेच मले याद राहत नाई.'"

खेमराज मागे उभा राहिला. डोमाजीने काटा-सुरी जवळ ठेवली, खेमराजने ताटली उचलली. पहिल्यांदा सुरी वाजली. डोमाजीने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. रोज सकाळ-संध्याकाळ बाप जेवत होता आणि मुलगा शिकत होता. हळूहळू सुरी वाजेनाशी झाली, आणि डोमाजीचा ऊर अभिमानाने भरून आला. मुलगा अजून एक घासही काट्याने जेवलेला नाही, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. जिजाबाईच्या आले होते, पण तिला चूप राहायला सांगितलेले होते.

निघताना डोमाजीने शेवटचा सल्ला दिला. "बाप काय करते म्हणून इचारलं तर सांगजो, फौजेत होते. कोन्त्या जागी ते सांगाची गरज नाई."

बालाघाटपर्यंत बस, तिथून छोट्या लाईनची गाडी लामता, नैनपूर करत जबलपूरला, आणि पुढे मोठी गाडी. मंडळाच्या आवारात पोचल्यावर खेमराजने बरोबरच्या उमेदवारांकडे पाहिले आणि त्याला आपल्या बुटांची लाज वाटली. बाकीची पोरे डोंगरावरच्या शाळांतून शिकलेली, एकमेकांना आधीपासून ओळखणारी होती. कोणाचा बाप कर्नल, कोणाचा मामा जनरल. तरी खंदक त्याने सगळ्यांच्या आधी पार केला आणि दोर तुटका निघाला तेव्हा दोन कर्नलपुत्रांना हात देऊन वर ओढले. वहीत टिपून घेणारे मेजरसाहेब गालात हसले. त्या रात्री खेमराज पहिल्यांदा शांत झोपला.

तिसऱ्या दिवशी मुलाखत झाली. मंडळाचे अध्यक्ष ब्रिगेडियर होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांचे प्रश्न इंग्रजीत, याची उत्तरे इंग्रजीत.

"तुमचे वडील?"

"फौजेत होते, सर."

"अरे वा! कुठे?"

"कामठीला, सर."

"कामठी! माझी पहिली नेमणूक तिथेच झाली. कोणत्या हुद्द्यावर होते?"

"मेसमध्ये असत, सर."

"मेस सेक्रेटरी?"

नाही म्हणायला एक क्षण लागतो. तो क्षण खेमराजने खाली पाहण्यात घालवला, आणि ब्रिगेडियरसाहेबांनी ती खाली गेलेली मान होकाराचीच समजून घेतली. त्यांना फारच आनंद झाला. "उद्या जेवायला माझ्या शेजारी बसा," ते म्हणाले. "कामठीच्या गप्पा मारू."

म्हणजे आता नुसते जेवायचे नव्हते, साहेबांच्या शेजारी बसून जेवायचे होते, आणि तेही एका अफसराचा मुलगा म्हणून. खेमराजने दुसऱ्या दिवशी दुपारी सुपाला हात लावला नाही, मटणाला लावला नाही. भूक नाही म्हणाला. त्याची नजर साहेबांच्या ताटलीवर खिळली होती, कारण काटा कसा धरायचा हे निदान आता तरी पाहून घ्यावे असा त्याचा विचार होता. साहेब बोलत होते. कामठीचा उन्हाळा, कामठीतले घोडे. खेमराज "येस सर" म्हणत होता. बोलता बोलता साहेबांनी काटा आणि सुरी ताटलीत जवळजवळ ठेवली.

खेमराज उठला. आपण उठलो हे त्याला कळलेच नाही. तो साहेबांच्या मागून उजवीकडे गेला, थोडा वाकला आणि ताटली उचलली. अंगठा सुरीवर, करंगळी खालून. जराही आवाज झाला नाही.

टेबलावरचे बोलणे बंद पडले. खरा बेरा दाराशी रिकाम्या हाताने उभा होता. ब्रिगेडियरसाहेब त्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"डोमाजी," ते हळूच म्हणाले. मग एकदम हिंदीत, "अरे, तू डोमाजी का बेटा है क्या?"

इंग्रजीत 'तू' नसते. चार दिवस खेमराज त्या भाषेत सुखाने राहिला होता, आणि आता एका वाक्यात तो तिच्या बाहेर आला. "जी, साहेब," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'सर' सुद्धा निघाले नाही.

साहेब रागावले असते तर बरे झाले असते. ते खूश झाले. त्यांनी खेमराजच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या टेबलाला सांगितले, "आमचा डोमाजी! त्याने ताटली नेली की आपण जेवलो की नाही हेच आठवत नसे!" टेबल हसले. कोणीही कुचेष्टेने हसले नाही. ताटली अजून खेमराजच्या हातात होती आणि ती ठेवायची कुठे हे त्याला सुचत नव्हते. शेवटी दाराशी उभ्या बेऱ्याने पुढे येऊन ती घेतली, आणि घेताना त्याच्याकडे अशा ओळखीने पाहिले की खेमराजने डोळे मिटून घेतले.

तासाभराने निवडलेल्यांचे नंबर पुकारले. खेमराजचा पुकारला नाही. खोटे बोलण्यामुळे की ताटलीमुळे, हे कोणी सांगितले नाही. जाताना साहेबांनी मात्र मुद्दाम बोलावून घेतले आणि म्हणाले, "डोमाजी को मेरा सलाम बोलना."

खैरलांजीत बस थांबली तेव्हा डोमाजी रस्त्यावरच उभा होता. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने काही विचारले नाही. घरी पंचायतीची खुर्ची पुसून ठेवलेली होती. "बस तिच्यात," तो म्हणाला. "जेवून घे पह्यले."

खेमराज बसला. जिजाबाईने भात वाढला. तो खाली मान घालून हाताने जेवू लागला आणि जेवता जेवता त्याने सगळे सांगितले. मुलाखतीचे सांगितले, ताटलीचे सांगितले. डोमाजी खुर्चीमागे उभा होता.

"नाव घेतलं माह्यं?" मागून आवाज आला.

"हौ. सलाम सांगतला तुमाले."

"तोच तो. लहान लफ्टन." डोमाजीने चुलीकडे वळून पाहिले. "अवो, आयकलं का? साहेबानं मले सलाम धाडला." जिजाबाईने ऐकले होते. ती मुलाकडे पाहत होती.

डोमाजी खुर्चीच्या आणखी जवळ सरकला.

"कोन्त्या बाजूनं उचलली?"

"उजव्या."

"आवाज?"

"नाई झाला."

"मंग?" डोमाजी खरोखरच कोड्यात पडला होता. "मंग तुले काहून नाई घेतलं रे?"

खेमराजने हात थांबवला आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत बसला. पुन्हा खाली पाहिले तेव्हा पेटीवर नुसते लुगडे होते. ताटली कधी गेली, ते त्याला कळलेही नाही.