गुणाजीला स्वतःचं काही म्हणायचं नसतं

आमच्या शेजारच्या गुणाजीला भूक लागलेली मी वीस वर्षांत ऐकलेली नाही. तहान नाही, झोप नाही, रागसुद्धा नाही. जे काय लागतं ते त्याच्या बायकोला लागतं. सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की गुणाजी फाटकाशी येतो आणि सांगतो, "घरकारीण म्हणता, चार उंडे दी." मग त्यातला एक उंडा तिथेच उभ्या उभ्या, कोरडाच, संपवतो. घरकारीण म्हणजे सुनंदा. तिला पाव खाल्ला की छातीत जळजळतं. ती आत बसून भाकरी खात असते.

डिचोलीच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा मीही माझं ब्लडप्रेशर घेऊन तिथे बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? गुणाजी म्हणाला, "घरकारीण म्हणता, माझो गुडघो दुखता." डॉक्टर म्हणाले, अहो, गुडघा तुमचा ना? तर हा माझ्याकडे बघायला लागला, जसं काही ते मी ठरवायचं होतं.

देवळाच्या बैठकीतही तेच. "लोक म्हणतत, मांडव औंदा मोठो होयो." अध्यक्षांनी विचारलं, कोण लोक? गुणाजीनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

गुणाजी मूळचा दोडामार्गाकडचा. मुळगावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायला आला आणि लग्न करून आमच्या मयेत राहिला. खाणी बंद पडल्या तशी ट्रकाची चाकं अंगणातच रुतली. चार-पाच वर्षं तो नुसता घरी बसला. मग मोपाचा विमानतळ झाला आणि त्यानं टॅक्सी घेतली. मुलगी एकच, सानिका; तिला तो 'चेडू' म्हणतो. दहावीला, माझ्याच क्लासला येणारी.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीत मी दिसते तेवढी शहाणी नाही. चौतीस वर्षं मी हायस्कूलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तरी संध्याकाळी माझ्या घरापुढच्या बलकांवात दहावीची पोरं बसतातच. कुणी 'ही डोन्ट' म्हटलं की माझ्या अंगावर पाल पडते. अर्ध्या मयेचं इंग्रजी माझ्या लाल पेनातून गेलेलं आहे, आणि त्याचा मला गर्व आहे, नाही कशाला म्हणू?

तर एके दिवशी क्लास सुटला आणि गुणाजी पायरीशी येऊन उभा राहिला. "टीचर, घरकारीण म्हणता, माका इंग्लिश शिकवा. विमानतळार पॅसेंजर काय बोलतत ता कळणा नाय."

मला काय, आनंदच झाला. पन्नाशीला आलेला माणूस शिकायला येतो म्हणजे माझंच नाव, असं मी धरून चालले. म्हटलं, ये, पण पहिल्यापासून शिकावं लागेल. अक्षरं, मग छोटी वाक्यं. तर गुणाजीनं हळूच सांगितलं, "नको. ती पोरां आता शिकतत ताच शिकवा."

पोरं त्या वेळी शिकत होती रिपोर्टेड स्पीच, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यानं तिसऱ्याला कसं सांगायचं ते. आणि धडा होता किशोरवयातल्या ताणावरचा. त्यातले शब्द पाठ करायचे होते: अँग्झायटी, पियर प्रेशर, बर्नआउट, ओव्हरव्हेल्म्ड. मी म्हटलं, अरे, टॅक्सीवाल्याला हे कशाला? पण तो मागची कदेल, म्हणजे खुर्ची, धरून बसलासुद्धा. नेमका सानिकाच्या बॅचला नाही हं. ती सोमवार-बुधवार यायची, हा मंगळवार-गुरुवार.

आणि काय सांगू, रिपोर्टेड स्पीचमध्ये गुणाजीसारखा विद्यार्थी मला चौतीस वर्षांत मिळाला नाही. पोरं 'सेड'च्या पुढे अडखळत बसायची. हा धडाधड सांगायचा. जन्मभर दुसऱ्याचंच म्हणणं वाहून आणलेला माणूस, त्याला कसलं अवघड! स्पेलिंग शून्य, पण वाक्य चोख. फक्त एकदा दिल्लीच्या बाईला घेऊन येताना रस्ता खणलेला होता, तेव्हा तिला म्हणाला, "मॅडम, द रोड सेड दॅट इट वॉज क्लोज्ड." ती बाई विमान चुकेल म्हणून रडकुंडीला आलेली, तरी हसली म्हणे.

शब्दांचं मात्र त्यानं गावभर प्रदर्शन मांडलं. नारळ काढणारा पाडेली दोन दिवस आला नाही, तर गुणाजी म्हणाला, बर्नआउट. शेजाऱ्यानं गाडी घेतली म्हणून पंचानंही घेतली, तर पियर प्रेशर. सुनंदाची म्हैस दूध द्यायला मागेना, तिला त्यानं ओव्हरव्हेल्म्ड ठरवून दोन दिवस मोकळं सोडलं. मी हसून हसून बेजार. माझ्या बहिणीला फोन करून सगळं रंगवून सांगायचे.

अधूनमधून तो प्रश्न विचारायचा. पुस्तकात ताणाची लक्षणं दिलेली होती: जेवत नाही, झोपत नाही, खोलीचं दार लावून बसतो. गुणाजी त्यावर बोट ठेवून विचारायचा, "टीचर, ह्या दार लावणा म्हणजे नुसता लोटून घेणा, काय कडी?"

"दोन्ही चालेल."

"आणि कडी किती दिवस लावल्यान तर तो स्ट्रेस?"

"अरे, हा काय ताप आहे का, इतक्या डिग्रीला औषध द्यायला? पुढचं वाक्य कर."

तो पुढचं वाक्य करायचा. मी एवढी इंग्रजी शिकलेली बाई, मला कळू नये, तो कुणाच्या कडीविषयी विचारत होता? नाही कळलं. मी वाक्यातला काळ तपासत होते.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली. गुरुवारी क्लास सुटला, पोरं गेली, गुणाजी जाईना. बराच वेळ त्यानं चपला घालून पाहिल्या, काढून पाहिल्या. मग शर्टाच्या आतून एक वही काढली. सानिकाची. पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"टीचर, ह्या वाक्य चूक आसा काय?"

तो गृहपाठ मीच दिलेला होता. तुमच्या वडिलांनी या आठवड्यात तुम्हाला काय काय म्हटलं, ते पाच वाक्यांत रिपोर्टेड स्पीचमध्ये लिहा. पोरांनी मजेमजेचं लिहिलं होतं. एकाच्या बापानं मोबाईल विहिरीत टाकण्याची धमकी दिली होती, एकाच्या बापानं विचारलं होतं की तू नक्की कुणावर गेलास. सानिकाच्या पानावर एकच वाक्य होतं: 'माय फादर सेड नथिंग टू मी.'

मी सवयीनं वाचलं आणि सवयीनं बोलले, "नाही रे. वाक्य बरोबर आहे. एकदम बरोबर."

गुणाजीचा चेहरा उतरला. तो चूक निघेल या आशेवर आला होता. "म्हणजे चेडवान खरा लिव्हल्यान," एवढंच बोलला.

मग मला खालचं माझं अक्षर दिसलं. वाक्याला लाल पेनानं बरोबरची खूण, आणि तिच्याखाली: 'पाच सांगितली होती. चार कुठे?' माझी सही, तारीख. मला इतकी लाज वाटली की मी वही मिटून मांडीवर दाबून धरली. एका मुलीनं माझ्यापाशी येऊन सांगितलं होतं की बाप माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिच्याकडे आणखी चार वाक्यं मागितली होती.

गुणाजी कदेलीच्या कडेवर बसला आणि मग बोलला, वीस वर्षांत बोलला नव्हता एवढा. सानिका लहान असताना ट्रकात पुढे बसायची, मुळगावपर्यंत तिची बडबड चालायची. मग ती मोठी झाली. बापानं मुलीशी काय बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याच्या बापानंही मुलींशी बोलणं त्यांच्या आईकडूनच केलं. त्यातच खाणी बंद पडल्या. "घराक बसलेल्या बापाशीन काय बोलाचा, टीचर?" मग सगळं सुनंदाकडून सुरू झालं. चेडवाक सांग अभ्यास कर. चेडवाक विचार वही होयी काय. आणि सुनंदा दोन्हीकडचं गोड करून पोचवायची. तो म्हणायचा, टीव्ही बंद कर म्हणून सांग. ती सांगायची, पप्पा म्हणतात, थकलीस असशील. मुलगी म्हणायची, मला नको काही, मला एकटीला सोडा. ती येऊन सांगायची, सानिका म्हणते, अभ्यास बरा चाललाय.

"पण कडी लागता, टीचर. महिनो झालो. ताट भायर ठेवतंव, अर्धा परत येता." मग खाली बघत म्हणाला, "गाडयेत एक पॅसेंजर फोनार बोलत होतो. कोणाच्या तरी झिलाक पेपर कठीण गेलो, तर तो घराक इलोच नाय." पुढे त्या मुलाचं काय झालं, हे गुणाजीला ऐकू आलं नव्हतं. पॅसेंजर उतरून गेला होता. तेव्हापासून ते याच्या पोटात बसलं होतं. इंग्रजी शिकायचं खूळ तिथलं. मुलगी फोनवर मैत्रिणींशी अर्धं इंग्रजीत बोलायची, दाराबाहेर उभा राहून त्याला ते कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "गुणाजी, मला काही विचारू नकोस. सरळ तिच्याशी बोल. जेवलीस का, एवढं विचार. बास."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेटला. म्हटलं, बोललास?

"होय तर! घरकारणीक सांगितलंय, विचार म्हणान."

कपाळावर हात मारून घेतला मी.

पहिला पेपर इंग्रजीचा. सकाळी गुणाजी दारात. "घरकारीण म्हणता, टीचर गाडयेत बसले तर चेडवाक धीर येतलो." सुनंदा स्वतः कुठे आहे म्हणून विचारलं, तर तिनं पहाटेपासून देव पाण्यात ठेवले होते आणि ती उठायला तयार नव्हती. बसले मी मागे. सानिका पुढे, परीक्षेचा पॅड छातीशी धरून. चेहरा पांढरा. मी सांगायला सुरुवात केली, घाईत लिहू नकोस, प्रश्न दोनदा वाच. तिनं मान हलवली, पण ती ऐकत नव्हती. गुणाजी स्टिअरिंगला चिकटून पुढे बघत होता.

तळ्याच्या वळणावर सानिकानं दाराला हात घातला. गुणाजीनं गाडी थांबवली तोवर ती उतरून कडेला ओकत होती. पोटात होतं काय पडायला? नुसतं पाणी. मग ती तिथेच दगडावर बसली आणि म्हणाली, "टीचर, मला नाही जमणार. मी नाही येत."

गुणाजी बाटली घेऊन उतरला. तिच्यापासून चार हातांवर येऊन थांबला आणि माझ्याकडे वळला. "टीचर, चेडवाक सांगा..."

मला एवढं आठवतंय की मला राग आला. त्याचा, सुनंदाचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या लाल पेनाचा. मी म्हटलं, "मी काही सांगणार नाही. कुणी काही सांगणार नाही. ती इथे बसलीय, तिचे कान तुला दिसतायत ना? सांग तिला."

रस्त्यावरून एक बस गेली. कंडक्टरनं हात केला, गुणाजीला तो दिसला नाही. तो चार हात चालून गेला आणि तिच्यासमोर खाली बसला, दुखऱ्या गुडघ्यासकट. झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली. मग म्हणाला,

"सानिका, माका भय वाटता."

तिनं वर पाहिलं.

"पेपर कसोय जांव दे. कोरो ठेवलंस तरी चलात. पण तू घराक ये. माका दुसरा काय नको. तू घराक ये."

सानिका बापाकडे बघतच राहिली. मग ती रडली, हुंदके देऊन, लहान पोरासारखी. गुणाजीला काय करावं कळेना, त्यानं आपला तिच्या बुटांवर हात ठेवला. "येतलंय रे पप्पा," ती रडता रडता म्हणाली, "आणि खंय जातलंय मी?"

मी रडत नाही. शाळेत कुणालाही विचारा, निरोप समारंभातसुद्धा रडले नाही. त्या दिवशी मी पदराचं टोक पुरं भिजवलं.

डिचोलीला पोचलो तेव्हा पहिली घंटा होत होती. ती आत गेली. गुणाजीनं गाडी फाटकासमोर लावली आणि तीन तास तिथेच उभा राहिला. मोपाहून दोनदा फोन आला, दोन्हीदा त्यानं कट केला. मी म्हटलं, घरी सोड मला, परत ये. तर त्याला ऐकूच आलं नाही.

पेपर सुटला आणि फाटकातून एकाच वेळी दीडदोनशे मुलं बाहेर पडली, सगळी एकाच गणवेशातली. गुणाजी टाचा उंच करून बघत होता. अर्धी गर्दी ओसरली, ती दिसेना. त्यानं माझा दंड धरला, एवढा घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता. आणि मग ती शेवटच्या घोळक्यातून आली, पॅड डोक्यावर धरून उन्हातून चालत, थेट त्याच्यापाशी.

"पप्पा, चल घराक," ती म्हणाली.

आम्ही निघालो. ती पुढे बसली आणि मयेपर्यंत काहीबाही सांगत राहिली, मैत्रिणीचं पेन कसं फुटलं, सुपरव्हायझर कसे घोरले. गुणाजी नुसता "मगे? मगे?" करत होता. पेपर कसा गेला हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मलासुद्धा सुचलं नाही, आणि पेपर इंग्रजीचा होता.