फिरती म्हैस

बक्षीस कसे द्यावे हे ज्याला शिकायचे असेल, त्याने कोल्हापूरला शाहूपुरीत आमच्या गुळाच्या अडतीवर यावे आणि "गौराबाई आक्का कुठे भेटतील?" असे विचारावे! आमच्या घराण्याने पैलवानांना चांदीची कडी दिली, भजनी मंडळांना वीणा दिल्या, आणि दिलेली वस्तू कोनाड्यात पडून राहिली, असे एकदाही घडले नाही. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढची हकीकत ऐकून माझ्याविषयी भलताच ग्रह होण्याचा संभव आहे.

गेल्या वर्षी गावातल्या एका कॉलेजचे प्राचार्य आमच्याकडे आले. कॉलेजचे नाव सांगत नाही. तशी विनंती त्यांनी हात जोडून केली आहे.

"आक्कासाहेब," ते म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांची मंडळे फार उत्तम काम करतात. त्यांतल्या सर्वोत्कृष्ट मंडळाचा स्नेहसंमेलनात गौरव व्हावा, अशी इच्छा आहे. आपल्या यजमानांच्या नावाने एखादी फिरती ढाल..."

"आधीच्या ढाली दाखवा," मी म्हटले.

दाखवल्या. काचेच्या कपाटात तव्यासारख्या काळ्या पडलेल्या ढाली उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर कोळ्याने असा भरला संसार थाटला होता की त्याला उठवणे मलाही जड गेले असते.

"ढाल नको," मी तिथल्या तिथे जाहीर केले. "मी म्हैस देणार!"

प्राचार्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "म्हैस?"

"दुभती! मुलांच्या पोटात दूध जाईल. ढालीचे दूध कोणी काढले आहे काय?"

"पण आक्कासाहेब, फिरती ढाल दरवर्षी एका मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडे जाते..."

"म्हैसही जाईल! ढाल उचलून न्यावी लागते, म्हैस आपल्या पायांनी जाते."

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. विद्वान मनुष्य, त्याला म्हशीचा काय अनुभव! जाता जाता एवढेच म्हणाले, "समारंभाला गालबोट लागले, तर हे पारितोषिक कायमचे बंद करावे लागेल. मग माझा इलाज नाही."

गालबोट! गौराबाईच्या समारंभाला! मला हसू आले. पण मनातली गोष्ट सांगते. आमच्या मालकांना शिकायला मिळाले नाही, म्हणून शिकणाऱ्या मुलांवर त्यांची फार माया. ते लिंगैक्य होऊन आम्हाला सोडून गेल्यावर त्यांचे नाव त्या मुलांच्या तोंडी दरवर्षी यावे, एवढीच माझी इच्छा होती. मी स्वतः ते नाव घेत नाही. म्हणून तर दुसऱ्या कोणी घ्यावे!

म्हैस घेतली बसलिंगाप्पा गवळ्याकडून. नाव शेवंती, शिंगे अशी की देवळाची कमान वाटावी.

"आक्का," बसलिंगाप्पा छाती फुगवून म्हणाला, "दिवाळी-पाडव्याच्या मिरवणुकीत ही सगळ्यांत पयली हाय!"

कशात पहिली, हे मी विचारले नाही. पहिली असणे मला पुरेसे होते.

परीक्षक अर्थातच मी. सूनबाई शिवम्माला सोबत घेऊन मी प्रत्येक मंडळाचे काम जातीने पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, पाहून थक्क झाले! गिरिभ्रमण मंडळाचा कृष्णात हा मुरगूडचा आडदांड मुलगा; जोतिबाच्या डोंगरात वाट चुकलेली एक म्हातारी त्याने पाठुंगळी घेऊन खाली आणली होती. "जड न्हाय लागली का रे?" असे विचारले, तर म्हणाला, "म्हातारी हलकी हुती आक्का, तिचं बोलणं जड हुतं. गडी म्हणून निसता राबतोस, लगीन का करत न्हाईस, म्हनत हुती वाटभर!" नाट्यमंडळाने उचगावच्या शाळेवर छप्पर घालण्यासाठी खेळ लावले होते. विद्यार्थिनी मंडळाची नंदिनी तर गूळबाजारातल्या बायकांना संध्याकाळी अक्षरे शिकवायला सायकलीवरून जात असे. मुलींनी सायकलीवर बसावे हे मला पसंत नाही, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले.

"चालत गेले तर पोचेपर्यंत बायका भाकऱ्या थापायला घरी जातात, आज्जी," ती म्हणाली. "अक्षर की चाल, एकच सांभाळता येतं."

मुलगी तिखट होती. पण माझे मन जिंकले ते वादविवाद मंडळाच्या यज्ञेश्वरने. त्याने एका विषयाच्या बाजूने भाषण केले. मला ते तंतोतंत पटले. मग त्याच विषयाच्या विरुद्ध केले, तेही पटले! असा मुलगा आमच्या अडतीवर असता तर!

"अत्ते, मला तर मुलींचं मंडळ..." शिवम्माने तोंड उघडले. ती निपाणीकडची, सासूला अत्ते म्हणते.

"तुला विचारले नाही," मी म्हटले, आणि निकाल लागला.

समारंभाच्या दिवशी शेवंतीला झूल घातली, शिंगांना झेंडूची माळ बांधली आणि शिवम्माने हळदकुंकू लावले. मंडपात पुढच्या दोन रांगा भरल्या होत्या. मागे नुसत्या खुर्च्या. अशा समारंभांना माणसे येत नाहीत, असे प्राचार्य खिन्नपणे म्हणाले. त्यांनी "लिंगैक्य रुद्राप्पा पारितोषिक!" (नाव मी घेत नाही, त्यांचे शब्द सांगते) अशी घोषणा केली आणि माझा ऊर भरून आला. यज्ञेश्वर पुढे आला, त्याने दोर दोन्ही हातांनी स्वीकारला, हाताला दोन वेढे दिले, आणि तो म्हशीला उद्देशून आभाराचे भाषण करू लागला. शेवंती इतकी शांतपणे ऐकत होती की मला वाटले, हिलाही पटते आहे!

भाषण संपले. टाळ्या पडल्या. नाट्यमंडळाच्या एका मुलाला तेवढ्याने समाधान होईना. नाटकात मोटार आल्याचा आवाज काढायला त्यांनी रबरी भोंगा आणला होता. तो त्याने आनंदाच्या भरात दाबला. पों! पों!

शेवंतीने कान टवकारले, शेपटी उभारली, आणि अशी सुटली की मंडपाचा एक खांब, पाहुण्यांचे मेज आणि यज्ञेश्वर ही सारी मंडळी तिच्याबरोबर निघाली! खांब आणि मेज कॉलेजच्या फाटकाशी मागे राहिले. यज्ञेश्वर राहिला नाही.

"अरे, दोर सोड!" प्राचार्य ओरडले.

"बक्षीस... स्वीकारलं आहे... सर!" असे दुरून ऐकू आले. तत्त्वाचा मुलगा!

मी बसलिंगाप्पाकडे वळले. "ही काय म्हैस दिलीस रे!"

"आक्का, पयली हाय म्हणून सांगितलं हुतं की!" तो कपाळावर हात मारत म्हणाला. "पाडव्याला आमी भोंगा वाजवत सायकलीवरनं पुढं जातो, अन् म्हशी मागनं पळत्यात. भोंगा वाजला की पळायचं, हेच शिकवलंया तिला! सायकल दिसली न्हाय, म्हणून ती हुडकाय गेली!"

"मग भोंगा तिच्या पुढे न्या!" मी हुकूम सोडला.

नंदिनी तर विचारत बसलीच नव्हती; तिची सायकल केव्हाच शेवंतीमागे सुटली होती. कृष्णातने भोंगा उचलला. "उचगावच्या वाटंला लागलीया ती. टेंबलाईच्या टेकडीवरनं उतरलो, तर रेल्वेच्या फाटकापाशी आडवं जाता येतंय!" एवढे बोलून त्याचे सगळे मंडळ टेकडीच्या दिशेने पळाले. मी, शिवम्मा आणि प्राचार्य टांग्यात बसलो. नाट्यमंडळाला टांगा मिळेना, म्हणून ते नाटकाच्या वेषातच धावत निघाले. त्यांत एक फौजदार होता.

"आक्कासाहेब," टांग्यात प्राचार्य कोरडेपणे म्हणाले, "दिवे लागायच्या आत हे बक्षीस रीतसर मंडळाच्या हाती पडले नाही, तर मी पारितोषिक बंद झाल्याचे जाहीर करणार."

मी पुढे वाकले आणि टांगेवाल्याच्या पाठीत काठी टोचली.

दुसऱ्या कुठल्या गावात हे प्रकरण एवढ्यावर मिटले असते. पण हे कोल्हापूर! सजवलेली म्हैस शाहूपुरीतून धावते आहे, दोराला एक गडी आहे आणि मागे सायकल आहे, हे पाहिल्यावर कोल्हापूरकराने काय समजावे? शर्यत! दारादारांतून आरोळ्या उठल्या.

"कुठल्या गल्लीची म्हस हो, पावणं?"

"कॉलेजची!" नंदिनी ओरडली.

"कॉलेजची पळती, अन् आमची काय दावणीला बसल्या व्हय? सोड रं म्हशी!"

आणि सोडल्या! एका गोठ्यातून दोन, दुसऱ्यातून तीन, कोणाच्या म्हशी, कोणाचे रेडे, अशी ती काळी लाट उचगावच्या रस्त्याने उसळत निघाली. आमचा टांगा मधोमध सापडला. डावीकडे शिंगे, उजवीकडे शिंगे! प्राचार्यांनी डोळे मिटले. शिवम्मा मात्र, सांगायला वाईट वाटते, हसत होती.

पुढचे दृश्य मी धुळीतून पाहिले, आणि ते डोळ्यांपुढून अजून हलत नाही. रेल्वेचे फाटक उघडे होते. शेवंतीमागून फरफटत आलेला यज्ञेश्वर फाटकवाल्याला ओरडून सांगत होता, "फाटक लावा!"

"गाडी न्हाय तर फाटक कसं लावू? नियम हाय!"

"गाडी कशासाठी थांबवतात... माणसं चिरडू नयेत म्हणून! मी... माणूस आहे! चिरडतो आहे! मग नियमाचा हेतू..."

फाटकवाला क्षणभर विचारात पडला आणि त्याने फाटक लावले. धावता धावता वाद जिंकणारा मनुष्य मी जन्मात दुसरा पाहिलेला नाही! सगळी जनावरे फाटकाशी थबकली. तेवढ्यात टेकडीवरून कृष्णात गडगडत्या धोंड्यासारखा खाली आला आणि भोंगा त्याने नंदिनीच्या हाती दिला.

"सायकल तुझी, तूच वाजीव!"

नंदिनीने पदर खोचला, सायकल शाहूपुरीच्या दिशेने वळवली आणि भोंगा दाबला. पों! पों! शेवंती वळली. तिच्यामागे सारी लाट वळली. त्यांचेही शिक्षण पाडव्याचेच! पुढे सायकलीवर ती पोरगी, मागे शिंगांचा समुद्र, आणि बाजारात नाट्यमंडळाचा खोटा फौजदार "हटो, बाजूला व्हा!" म्हणून खरी वाहतूक अडवीत होता. खऱ्या पोलिसाने त्याला सलाम ठोकलेला मी पाहिला आहे. मुलींनी सायकलीवर बसावे की नाही, या विषयावरचे माझे मत मी त्याच रस्त्यावर कुठेतरी सांडून आले. एका मुलानेही दुसऱ्याचे श्रेय ओढले नाही, एकानेही "आमचे मंडळ, तुमचे मंडळ" केले नाही. अशी मुले पाहायला मालक हवे होते!

कॉलेजच्या मंडपात पोहोचलो, तो मागोमाग अर्धे गाव आत शिरले. मागच्या सगळ्या खुर्च्या भरल्या. लोक खांबांना लटकले. सूर्य टेकला होता. प्राचार्य घड्याळ काढून उभे.

"वेळ नाही!" मी म्हटले. "पुन्हा हळदकुंकू नको, काही नको. दोर इकडे आणा!"

जनावरांची ही गर्दी. पण एकाच्या शिंगात झेंडूची माळ लोंबत होती. आणखी खूण ती काय हवी? मी दोर धरला आणि लाउडस्पीकरसमोर उभी राहिले.

"हे बक्षीस एका मंडळाचे नाही," मी म्हटले, "चारही मंडळांचे आहे! एकाने फाटक लावले, एकाने डोंगर उतरला, एकाने रस्ता मोकळा केला आणि एकीने सारे घरी आणले. नियम मी केला होता, मीच मोडते!" टाळ्यांनी मंडप दणाणला. मला स्फुरण चढले. "आणि या शेवंतीकडे पाहा! या डोळ्यांत केवढे वात्सल्य आहे! ही माउली तुम्हाला दोन्ही वेळा घागरभर दूध देईल!"

टाळ्या थांबल्या. 

"अत्ते," शिवम्मा कानाशी कुजबुजली.

"मध्ये बोलू नकोस."

"अत्ते, ती नव्हे. तो आहे."

"कोण तो?"

"रेडा."

"हळू बोल, सूनबाई!" मी म्हटले, आणि माझ्या सगळ्या भाषणातले हेच एक वाक्य लाउडस्पीकरने शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचवले!

"आक्का, त्यो माझा हाय!" उचगावचे गणपतराव गर्दीतून हात वर करून ओरडले. "वात्सल्य लई हाय त्याच्यात, पर दूध मातूर देत न्हाय!"

मंडप कोसळतो की काय, असा हशा उठला. शेवंती व्यासपीठामागे उभी राहून पाहुण्यांसाठी आणलेले हार शांतपणे खात होती. माळ धक्काबुक्कीत केव्हा या शिंगांतून त्या शिंगांत गेली, ते तीच जाणे. यज्ञेश्वरने खरचटलेल्या हाताने धावत जाऊन खरा दोर धरला, आणि त्यावर कृष्णातने, नंदिनीने आणि फौजदाराने हात ठेवले. पण माझे लक्ष प्राचार्यांकडे होते. ते तोंडावर रुमाल धरून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. संपले, मी मनाशी म्हटले. मालकांचे नाव एका दिवसात आले आणि गेले.

त्यांनी रुमाल काढला. डोळ्यांत पाणी होते, ते हसून आलेले.

"इतकी वर्षे विद्यार्थ्यांचा गौरव आम्ही रिकाम्या खुर्च्यांपुढे केला," ते म्हणाले. "आज गाव उभे राहून टाळ्या वाजवते आहे. लिंगैक्य रुद्राप्पा पारितोषिक पुढच्या वर्षीही दिले जाईल, आणि दरवर्षी दिले जाईल!"

मी पदराने डोळे टिपले आणि नमस्कार स्वीकारायला पुढे झाले.

"फक्त," प्राचार्य नम्रपणे पुढे म्हणाले, "परीक्षक म्हणून येण्याची विनंती आम्ही शिवम्माबाईंना करतो."

मी सूनबाईकडे वळून पाहिले. ज्या नजरेने आमच्या अडतीवरचे हमाल पोती टाकून उभे राहतात, त्या नजरेने! तिने माझ्याकडे पाहिले, पदर सारखा केला आणि भर मंडपात म्हणाली, "व्हय, येईन की!"

मला न विचारता! आणि टाळ्या, सांगायला संकोच वाटतो, माझ्या सबंध भाषणापेक्षा त्या तीन शब्दांनाच जास्त पडल्या.