फिशटँकवरचा फोकस

"उजेडातलं मला कुणी शिकवू नये," असं फोकसमामांनी दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकलं. दुकान शोभेच्या माशांचं होतं आणि मामांना काही शिकवायला तिथं अजून कुणी तोंडही उघडलं नव्हतं.

बोलणं मात्र खोटं नव्हतं. चाळीस वर्षं मामांनी नाटकांना उजेड पुरवला होता. चंद्र उगवायचा तो मामांच्या बटणावर, आणि मामांनी दिवा मंद केल्याशिवाय नायिकेची मरायची टाप नव्हती. निवृत्तीनंतर ते थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला आले. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आता चार महिन्यांपासून अक्का अंथरुणाला खिळली होती. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. दिवसभर ती भिंतीकडे बघत पडून असे. "डोळ्यांसमोर काहीतरी जिवंत, हलतं ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. "बघायची इच्छा टिकली तर एखादे वेळी बोलतीलही." त्या 'एखादे वेळी'वरच मामा दिवस काढत होते.

दुकानदार शांत माणूस होता. त्यानं दोन फुटी टाकी काढली, स्पंजचा फिल्टर काढला, हीटर काढला, मुळं धरायला खालची माती आणि चार-पाच प्रकारची झाडं काढली.

"पहिलीच टाकी ना? मग हा छोटा दिवा घ्या. दिवसाला सहा तास पुरे. आणि हा टायमर, म्हणजे दिवा आपोआप बंद होतो. झाडं कमी उजेडात जगणारी दिलीत."

"कमी उजेडात जगणं म्हणजे काय जगणं हो?" मामा म्हणाले.

बाकी सामान त्यांनी निमूटपणे घेतलं. दिवा तेवढा दुकानातला सगळ्यात मोठा घेतला आणि टायमर परत सरकवला. दिवा कधी बंद करायचा हे यंत्रानं ठरवायचं, तर चाळीस वर्षं आपण काय गवत उपटलं?

टाकी अक्काच्या पायथ्याशी टेबलावर बसली. पाणी मुरून माशांजोगं झाल्यावर आठ मासे आले. त्या दिवशी मामांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, घसा साफ केला आणि बटण दाबलं. अक्कानं क्षणभर पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मामा, आईला आवडलं नाही वाटतं," भाची म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावर आईचं सगळं करायची.

"दिसलं नसेल नीट," मामा म्हणाले. दिवा रोज चौदा तास जळू लागला.

आठ दिवसांत पाणी हिरवं पडलं. मासा मधूनच काचेशी यायचा, तोंड दाखवायचा आणि गुप्त व्हायचा. मामा तडक दुकानात गेले.

"दिवा किती तास?" दुकानदारानं विचारलं.

"चौदा."

"कमी करा. उजेड जास्त झाला की शेवाळ माजतं."

मामांना हे काही पटलं नाही. रंगमंचावर धूर जास्त झाला की उजेड वाढवायचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी आणखी एक दिवा लावला. पाणी आणखी हिरवं झालं. मग आणखी एक. शेजारीणबाई अक्काला भेटायला आल्या त्या काळा चष्मा लावून. मासे आठच्या आठ फिल्टरच्या मागे दडले. आणि अक्काचं तोंड भिंतीकडेच राहिलं. माझ्याकडे नको बघू, पण निदान माशांकडे तरी बघ, असं त्यांना म्हणावंसं वाटे.

शेवटी त्यांनी ट्रंक उघडली. नाटक कंपनीनं निरोपाला दिलेला रंगमंचावरचा हजार वॅटचा स्पॉट त्यात होता. तो त्यांनी टाकीच्या मागे स्टँडवर चढवला. मागून प्रकाश टाकला की सगळं उठून दिसतं, हा त्यांचा हातखंडा. दुपारी भाची आल्यावर तिच्या देखत त्यांनी अक्काचं तोंड हळूच टाकीकडे वळवलं, दिव्यामागे आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले आणि बटण दाबलं.

अक्कानं डोळे घट्ट मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडतेय बघ," मामा भाचीला म्हणाले आणि स्वतःच रडायला लागले. "आवडलं ना, अक्का?"

अक्काचे ओठ हलले.

"दि... वा."

"हो गं, दिवा! माझाच दिवा!"

"बंद... कर." मामांनी लहानपणी पांघरुणात टॉर्च लावून वाचताना ऐकलेला तोच आवाज होता.

मामांनी डॉक्टरांना फोन लावला. "अक्का बोलली, डॉक्टर!"

"वा! काय म्हणाल्या?"

"दिवा बंद कर म्हणाली."

"मग केलात का?"

केला नव्हता. तो भाचीनं केला.

मामा अक्काच्या उशाशी जाऊन बसले. त्यांनी डोकं तिच्या डोक्याच्या पातळीला आणलं आणि भाचीला म्हणाले, "एकदा लाव." भाचीनं लावला. टाकी नाही, झाडं नाहीत, मासे नाहीत. डोळ्यांत नुसती आग. चाळीस वर्षांत मामा आपल्या दिव्यासमोर कधी बसलेच नव्हते.

"इतके दिवस हे सोसलंस?" त्यांनी विचारलं. अक्कानं डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो फटका होता की माया, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दुकानदारानं काही न विचारता छोटा दिवा आणि टायमर काढून दिला. पाणी थोडं थोडं बदलून निवळलं, झाडांनी नवी पानं काढली, मासे बाहेर आले. अक्का बघायला लागली. डाव्या हाताचं एक बोट चादरीवर माशामागून फिरायचं. सहा आठवडे ती बघत होती. बोलली मात्र पुन्हा नाही. मग एका सकाळी ते बोट थांबलं.

भेटायला नाटकातली जुनी मंडळी आली. त्यांना मरणाच्या प्रवेशांची सवय. एका म्हाताऱ्या नटानं हळूच विचारलं, "शेवटचं काय बोलल्या?"

"दिवा बंद कर," मामा म्हणाले.

सगळे पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले.

"बस? एवढंच?"

"एवढंच. हजार वॅटचा होता."

भाचीला रडता रडता हसू फुटलं. तेवढ्यात टायमर टक् करून वाजला आणि टाकीतला दिवा मालवला. मामा रिकाम्या पलंगाकडे वळून म्हणाले, "केला गं, अक्का."

खरं तर तो आपोआपच झाला होता.