आमच्या काही अपेक्षा नाहीत

आजवर मी अकरा लग्नं जमवली आहेत आणि त्यातलं एकही परत आलेलं नाही! तेव्हा आमच्या सिद्धेश्वरीच्या नोकरीची मुलाखत मला काय जड जाणार? मुलाखत म्हणजे असतं तरी काय? चार अनोळखी माणसं समोर बसतात, मुलीला प्रश्न विचारतात आणि ‘कळवतो’ म्हणून उठून जातात. या कार्यक्रमाचा माझ्याहून जास्त अनुभव सोलापुरात कुणाला असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं.

सिद्धेश्वरी माझ्या भावाची, मल्लप्पाची मुलगी. कुंभारीहून शिकायला म्हणून आमच्याकडे आली ती शिकत शिकत पीएच.डी.पर्यंत पोचली. टॉवेल-चादरी रंगवून उरलेलं लाल-निळं पाणी असतं ना, त्यातला रंग खाणारे जिवाणू ती पाळते. पाच वर्षं पाळतेय. म्हैस पाळली असती तर निदान दूध तरी मिळालं असतं, असं मल्लप्पा म्हणतो.

जिवाणूंबद्दल तासभर बोलणारी ही पोरगी स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की मान खाली घालते. मागल्या वर्षी एका कॉलेजात तासावर शिकवायला विचारायला गेली. ते म्हणाले, पैसे तीन महिन्यांनी मिळतील. ही म्हणाली, चालेल. ते म्हणाले, परीक्षेची कामंही करावी लागतील, त्याचे वेगळे मिळणार नाहीत. तेही हिला चालेल! आता फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. विभागातून एक फॉर्म आला होता : ‘पाच वर्षांनंतर तुम्ही कुठे असाल?’ तो महिनाभर आमच्या फ्रिजवर कोरा पडून होता. तिच्या सरांचं म्हणणं, परदेशी जाऊन आणखी दोन वर्षं संशोधन कर. मल्लप्पाचं म्हणणं, आता लग्न कर. तिचं म्हणणं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी भाकऱ्या थापता थापता मीच विचारलं.

“आत्या,” ती तव्याकडे बघत म्हणाली, “माझे जिवाणू बाटलीतून खऱ्या नाल्यात उतरलेले मला बघायचेत.”

पुण्याच्या एका सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीत तिनं गुपचूप अर्ज केला होता. बुधवारी अकराला मुलाखत होती. तीही घरूनच, लॅपटॉपवर. झालं! मी पदर खोचला.

रविवारी दुपारी आम्ही रंगीत तालीम ठेवली. परीक्षक तिघं. अध्यक्ष अर्थातच मी. दुसरे आमचे हे, होटगी स्टेशनावरून बुकिंग क्लार्क म्हणून रिटायर झालेले. आणि तिसरी शेजारची काशम्मा, जिनं स्वतःच्या चार मुलांसाठी मिळून तीसेक मुली नापास केल्या होत्या. याहून कडक परीक्षक कुठे मिळणार?

सिद्धेश्वरी आत आली. “बस की गं,” काशम्मा म्हणाली आणि तिच्या पायांकडे बघत राहिली. आमच्या यांनी गाव कोणतं, भावंडं किती, मामा कुठले, हे ओळीनं विचारून घेतलं. मुलगी म्हणाली, हे कंपनीत विचारत नाहीत. मग मी मोबाइलवरून उतरवून घेतलेली यादी काढली. तुमच्यातले दोष कोणते, असा पहिलाच प्रश्न होता. काशम्मानं मला तिथंच थांबवलं. दोष कधी आपल्या तोंडानं सांगायचे नसतात, तिच्या धाकट्या सुनेच्या माहेरच्यांनी चष्म्याचं सुद्धा अक्षता पडल्यावर सांगितलं होतं. पाच वर्षांनी कुठे असशील, यावर सिद्धेश्वरी तोंड उघडायच्या आतच काशम्मानं तिच्या वतीनं दोन पोरं सांगून टाकली.

शेवटचा प्रश्न पगाराचा. मुलगी मान खाली घालून म्हणाली, “जे द्याल ते.”

मी तिला चांगलंच झापलं. तिच्याबरोबरीच्यांना काय मिळतं ते आम्ही दोघींनी शोधून काढलं होतं. सत्तर हजार हा आकडा पक्का होता. पण तो तिच्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, माणसांना सांगवत नसेल तर आधी कुकरला सांग. मग तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात तेच. ती कुकरसमोर उभी राहून “सत्तर हजार” म्हणायची आणि कुकर शिट्टी मारायचा. मंगळवारपर्यंत तिचा आवाज शिट्टीच्या वर गेला. मला वाटलं, जिंकलो!

बुधवारी मी शिलाई मशिनवर लॅपटॉप मांडला. मागच्या भिंतीवरचं मीठ-साखरेच्या जाहिरातीचं कॅलेंडर काढून तिथं भरतकामाची चादर लावली. पण खोलीत उजेड कमी. तिचा चेहरा अमावास्येसारखा दिसायला लागला. म्हणून लॅपटॉपच्या मागे इमर्जन्सी दिवा धरून मी उभी राहिले. एक शब्द बोलणार नाही, असं तिला वचन दिलं होतं. मी काही उगाच तिथं नव्हते, मी खांब होते, खांब!

पडद्यावर एक मॅडम आणि दोन साहेब. सिद्धेश्वरी सुरू झाली आणि काय सांगू, पोरगी नाल्यासारखी वाहिली! लाल रंग अठरा तासांत कसा नाहीसा होतो, थंडीत जिवाणू आळशी का होतात, सगळं. साहेब माना डोलवायला लागले. माझ्या हातातला दिवासुद्धा डोलायला लागला.

मग मॅडमनी विचारलं, “पगाराबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

सिद्धेश्वरीनं तोंड उघडलं. आकडा आला नाही. एक क्षण गेला, दोन गेले. तिची मान हळूहळू खाली जायला लागली.

आता तुम्हीच सांगा. तीस वर्षं मी मुलीच्या बाजूनं बसलेली बाई. समोरच्यांनी देण्याघेण्याचा विषय काढला आणि मुलीकडचे गप्प राहिले की बैठक मोडते, हे माझ्या हाडात मुरलेलं. कोणीतरी वडीलधाऱ्यानं पटकन गोड बोलावं लागतं. माझं मलाच कळलं नाही, मी कधी पुढे झाले. दोन्ही हात जोडून लॅपटॉपसमोर वाकले आणि म्हणाले, “पगाराचं काय घेऊन बसलात? आमच्या काही अपेक्षा नाहीत. पोरगी तुमच्याकडे सुखात राहिली म्हणजे भरून पावलं.”

हात जोडायचे म्हणजे दिवा सोडावा लागतो. तो सोडला. तो पायावर पडला आणि विझला. मी केलेला आवाज पुण्यात ऐकू गेला असणार. दारात उभे असलेले आमचे हे, बैठक सावरायला म्हणून, “मानपानाचंही काही नाही” असं सांगून मोकळे झाले. आणि त्याच वेळी, पाहुणे तीन आहेत हे आवाजावरून ओळखून, काशम्मा पोह्यांच्या तीन बशा घेऊन आत शिरली.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, “या कोण?”

अंधारात मला सिद्धेश्वरीचा चेहरा दिसत नव्हता. आवाज मात्र ऐकला, तो कुकरच्या वरचा.

“या माझ्या आत्या. त्यांच्या काही अपेक्षा नाहीत, मॅडम. माझ्या आहेत. सत्तर हजार. प्रबंध पुरा होईपर्यंत शनिवार मोकळा. आणि पहिल्या वर्षात निदान एका नाल्यावर काम.”

स्वतःसाठी मागायला जी जीभ उचलत नव्हती, ती माझं बोलणं खोडायला बरोबर उचलली! काशम्मा माझ्या कानाशी पुटपुटली, “लई तोंडाळ हाय पोरगी. नांदंल का?”

लॅपटॉप मिटल्यावर सिद्धेश्वरीनं माझ्या अंगठ्याला बर्फ लावला, पण दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पाच वर्षांची मेहनत मी दोन हात जोडून घालवली, असं समजून तिच्या आवडीची शेंगापोळी करून ठेवत होते. ती खात होती, हाच काय तो दिलासा.

सोमवारी निवड झाल्याचा मेल आला. पगार पासष्ट हजार लिहिला होता. सिद्धेश्वरीनं मला न विचारता, कुकरला न विचारता, सरळ फोन लावला आणि पाच मिनिटांत सत्तरवर आणला. मग फ्रिजवरचा फॉर्म घेऊन भरायला बसली. मल्लप्पाला मी फोन करून सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, की जिवाणू पुण्याला कशातून न्यायचे.

ही बातमी तिच्या विभागात पसरली. काल तिच्या लॅबमधला विरुपाक्ष घरी आला. त्याची पुढच्या मंगळवारी मुलाखत आहे. तालीम तुमच्याकडेच करायची, काशम्मांनाही बोलवा, म्हणाला. मी फुशारून चहा टाकला.

“फक्त मंगळवारी तुम्ही मोहोळला तुमच्या बहिणीकडे जायचं, आत्या. एसटीचं तिकीट मी काढतो.”

बायकांना एसटीत अर्धंच तिकीट लागतं रे, एवढंच मी म्हणाले.